पाकिटातला चांदीचा कागद आणि मुंबईचा बेगड

परवा गौरी जेवल्या त्या दिवशी शेजारच्या सुनेचे मामा माझ्याकडे येऊन बसले. शिकलेसवरलेले गृहस्थ, बोलायला गोड. चहा घेता घेता म्हणाले, "आजी, तुम्ही मूळच्या चौलच्या ना? तिथले जुने गणपती काय असायचे हो. मुकुट नुसता माणकासारखा पेटलेला. मुंबईहून खास बेगड मागवत म्हणे त्या काळी."

मी बशी खाली ठेवली. पाहुण्या माणसाला काय बोलायचं, म्हणून गप्प बसले. ते गेले आणि मी नातीची कोरी वही मागून घेतली. मी शाळेत गेलेली बाई नाही. अक्षरं मी माझ्या मुलाच्या पाटीवरून उचलली. तो गिरवायचा आणि मी भाकरी थापता थापता बघायची. तेव्हा लिहिण्यात चुकेल ते चुकेल. पण मुंबईचा बेगड, मुंबईचा बेगड हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. तो मुंबईचा नव्हता हे ठाऊक असलेली मी एकटीच आता उरले आहे. मीही गेले की मग तेच खरं होऊन बसणार.

बेगड आजच्या मुलांना माहीत नसेल. कथलाचा पातळ पत्रा, कागदासारखा, चकचकीत. तो कापून गणपतीच्या मुकुटावर, सोंडेवरच्या पट्टीवर, बाजूबंदावर डकवायचा आणि वरून आरपार दिसेल असा रंग द्यायचा. चंद्रस म्हणून एक झाडाचा डिंक येतो, तो टर्पेंटाइनमध्ये विरघळवून त्यात आळत्याचा लाल नाहीतर तांब्याच्या जंगाचा हिरवा कालवला, की तो रंग काचेसारखा होतो. खालून पत्र्याची चमक वर येते आणि मातीचा खडा रत्न दिसायला लागतो. आमच्या घरात त्याला काचरंग म्हणत.

आमचं घर सुतारांचं. एरवी होड्यांची डागडुजी, दारं, पाळणे. श्रावण लागला की गणपती. मी म्हसळ्याकडची, तेराव्या वर्षी चौलला दिली. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. घरात मामंजी, थोरले दीर, जाऊबाई आणि तिची दोन पोरं. आमचे हे मुंबईला गोदीत कामाला, चतुर्थीच्या आदल्या दिवशी यायचे आणि अनंत चतुर्दशीला जायचे. म्हणजे नवरा माझा, पण राबायचं बाकीच्यांबरोबर.

राबायचं म्हणजे काय, तेही सांगते. शेतातली चिकणमाती आम्ही दोघी जावा डोक्यावरून आणायच्या, चाळायच्या, कापूस घालून मळायच्या. मळायच्या कसल्या, तुडवायच्या, घोट्यापर्यंत. रंग खलायच्या, डिंक भिजत घालायच्या. पण कुंचला हातात धरायचा नाही. बाईने रंग लावायचा नाही, देवाला विटाळ होतो. माती तुडवायला आमचे पाय चालत, रंग लावायला हात चालत नसत. हे मी मामंजींना कधी विचारलं नाही. विचारायची छाती नव्हती. जाऊबाईला विचारलं होतं. ती म्हणाली, "पायाला जीभ न्हाय ना गो, म्हणून चालतात."

मिठाच्या सत्याग्रहाची गडबड होऊन दोन पावसाळे झाले असतील. त्या साली बेगड आणायचं काम थोरल्या दिरांचं होतं. वैशाखातच आणावा लागे, कारण पुढे दर्या बंद. नारळीपौर्णिमा होईपर्यंत बोट लागत नसे. त्यांनी आणला, चांगला भरपूर आणला, आणि ठेवला कुठे, तर माळ्यावर. आगोटीचं सगळं सामान तिथेच, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी: तांदूळ, सुकी मासळी, चिंच, आणि मिठाचं पोतं. ह्या मिठाच्या पोत्यालाच टेकवून बेगडाची गुंडाळी ठेवली. आता पावसात मीठ पाझरतं हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मिठाखाली केळीची सोपटं घालतात ती काय शोभेला? पण पुरुष माणसाने ठेवलं, कोण बोलणार.

नारळीपौर्णिमा झाल्यावर गुंडाळी खाली काढली. सोडली तर आत काळे-पांढरे डाग आणि भोकं. बोटाने उचलायला गेलं की भुगा. मामंजी तो भुगा तळहातावर घेऊन नुसते बघत राहिले. पुढे तीसेक गणपती पांढऱ्या रंगाचा पहिला हात घेऊन बसलेले, सगळ्यांची डोकी बोडकी.

थोरले दीर माझ्याशी थेट बोलत नसत. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्याने बोलायचं नाही अशी रीत. मी समोर उभी असले तरी बायकोला सांगायचे, तिला सांग म्हणून. त्या दिवशी माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "तिला विचार, माळा कोण झाडत होतं. गुंडाळी कुणीतरी हलवली."

जाऊबाई म्हणाली, "मीठ चालत गेलं वाटतं गुंडाळीपाशी."

मामंजी अलिबागला जाऊन आले. तिथे उरलेला बेगड आधीच कुणी कुणी उचललेला. दर्या अजून खवळलेला, मुंबईची बोट कधी लागेल नेम नाही. मामंजींनी सांगून टाकलं, "औंदा पिवळा रंग मारायचा मुकुटाला. दुसरं काय." आणि असं म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला की मला राग यायच्या ऐवजी वाईट वाटलं.

आमच्या परसाला लागून एक घर होतं मुसलमानाचं. घरधनी आगबोटीवर खलाशी, वर्षावर्षाने यायचा. त्याच्या बायकोला आम्ही चाची म्हणायचो. वाटी परत द्यायला मी गेले होते, आणि सहज बेगडाची हकीकत सांगितली. तिने पलंगाखालून बिस्किटांचा एक मोठा डबा ओढला. आत चांदीचे कागद. सिगारेटच्या पाकिटात आत गुंडाळलेला असतो ना, तो. नवरा बोटीवरून आणायचा. साहेब लोक पाकिटं फोडत, तो कागद जमवत असे. चाची त्याची फुलं कापून मोहरमच्या ताबुताला लावायची.

"ने गो ने," ती म्हणाली. "माझा ताबूत झाला औंदाचा. तुझा देव सजू दे."

"सगळा नेऊ?"

"सगळा ने. तो फिरून आणील. कागदाबिगर दुसरं काय आणतो तो."

मी डबा घेऊन आले आणि दोन दिवस कुणाला काही सांगितलं नाही. आधी करून बघितलं. तो कागद म्हणजे वर अल्युमिनचा पापुद्रा आणि खाली साधा कागद. कोमट पाण्यात भिजवला की पापुद्रा सुटतो. त्याच्यावर बारीक रेघा उठवलेल्या असतात, त्या कवडीने घासून सपाट करायच्या. इथवर जमलं. पण काचरंग दिला तर तो वाळेना. पावसाळी हवा, हात लावला की बोटाला चिकटे. दिरांचाही दर साली हाच त्रास असायचा. ते आधी बेगड मूर्तीवर डकवायचे, मग रंग द्यायचे, आणि चार-चार दिवस वारा घालत बसायचे. माती निखाऱ्यापाशी नेली तर तडकते, मग करणार काय?

माझ्या समोर जाऊबाई पोराची दुपटी वाळवत होती. आमच्याकडे पावसात दुपटी कशी वाळवतात, तर शेगडीत निखारे, त्यावर बांबूचं डालं पालथं, आणि डाल्यावर दुपटी पसरून. घटकेत कोरडी. मला वाटलं, मूर्ती शेकता येत नाही, पण कागद तर शेकता येईल. रंग आधी कागदाला द्यावा, डाल्यावर वाळवावा, आणि मग कापून मूर्तीवर लावावा. एवढीच गोष्ट. इतक्या वर्षांत एका पुरुषाला सुचली नाही, कारण एकाही पुरुषाने कधी दुपटं वाळवलं नव्हतं.

डालं धुतलं बरं का, चांगलं तीनदा धुतलं. जाऊबाई म्हणाली, "देवाला कळलं तर?"

मी म्हटलं, "देव काय लहान नव्हता कधी?"

लाल असा उतरला की डाळिंबाचा दाणा. हिरवा त्याच्याहून सरस. मी एक मुकुट सजवला आणि मामंजी जेवून ओटीवर आले तेव्हा त्यांच्या पुढ्यात ठेवला. ते बराच वेळ तो फिरवून फिरवून बघत होते. मग आमच्याकडे न बघता विचारलं, "कुणी केलं?"

जाऊबाईने माझ्याकडे बोट दाखवलं.

"कर सगळे," मामंजी म्हणाले. "पण आत बस. मागल्या पडवीत. कागद तू रंगव, डकवील तो."

तो म्हणजे थोरले दीर. त्यांनी डकवायला घेतले आणि पहिल्याच दिवशी चार कागद फाडले. कथलाच्या पत्र्याचा हात त्यांचा, हा कागद नाजूक. मग दुपारी ते निजले की मी डकवायला लागले, आणि उठल्यावर त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. अकरा दिवसांत सगळे गणपती झाले. डोळे तेवढे मामंजींनी आखले. डोळे आखणं शेवटचं. ते झालं की मग तो मातीचा गोळा राहत नाही, देव होतो, आणि त्यानंतर कुठे टवका उडाला तर जोडायचा नाही अशी आमच्या कामातली रीत. ही रीत ध्यानात ठेवा.

सगळ्यांत मोठा गणपती वाडीवाल्यांचा. नारळी-पोफळीची मोठी वाडी, गावात मान. हरतालिकेच्या आदल्या दिवशी त्यांचे धाकटे मालक मूर्ती बघायला आले. नखशिखान्त खादी. आले, बघून खूश झाले, मागे सरकले, पुढे आले, मुकुटाशी वाकले. आणि एकदम ताठ झाले.

"हा बेगड नाही," ते म्हणाले. "हा सिगारेटच्या पाकिटातला कागद आहे."

गणपतीच्या कानामागे एका जागी रेघा राहिल्या होत्या, कवडी पोचली नव्हती तिथे. तेवढ्यावरून ओळखलं. मी दाराआड उभी होते आणि माझ्या मनात आलं, रेघा बघून ज्याला पाकीट ओळखता येतं त्याने अशी पाकिटं किती फोडली असतील. गावात विलायती मालाची होळी झाली तेव्हा काडी लावायला पुढे हेच होते.

"सिगारेटीचा उष्टा कागद देवाच्या डोक्यावर," ते म्हणाले. "कुठून आणलात?"

दीर चटकन बोलून गेले, "शेजारून. मुसलमानाकडून. आमच्या बायकांनी केलं, आम्हाला काय ठाऊक."

आम्हाला काय ठाऊक. अकरा दिवस माझ्या रंगवलेल्या कागदांवर जगले, आणि काय ठाऊक.

उष्टा म्हणे. अहो, ओठ सिगारेटीला लागतात, कागदाला कसे लागतील? कागद तर सिगारेट ओढायच्या आधीच बाजूला पडतो. शाळेत गेलेल्या माणसाला एवढं कळू नये? आणि उष्ट्या-खरकट्याचा एवढा विचार असेल तर ज्या कुंचल्याने देवाचे डोळे आखतात तो खारीच्या शेपटीच्या केसांचा असतो, ते कुणी विचारत नाही. पेढ्यावरचा वर्ख चामड्याच्या घड्यांत घालून कुटतात, तो पेढा हेच लोक नैवेद्याला ठेवतात. आणि मुसलमानाकडचा म्हणाल, तर ह्याच वाडीवाल्यांच्या घरून मोहरमला ताबुतापुढे नारळ फुटला होता, पोराच्या नवसाचा. तेव्हा त्या ताबुतावर जी चांदीची फुलं होती ती ह्याच डब्यातली. तेव्हा चाललं ते.

हे सगळं मी दाराआडच बोलले, मनातल्या मनात. वयच एकोणीस-वीस, डोक्यावर पदर. त्याची चीड मला अजून येते, माझी मलाच.

"हा काढा सगळा," धाकटे मालक म्हणाले. "साधा पिवळा रंग चालेल. उद्या संध्याकाळी न्यायला येतो."

ते गेल्यावर मामंजी आत आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाय, खरवडून काढ."

मी आयुष्यात पहिल्यांदा मामंजींना नाही म्हटलं. म्हणजे तोंडाने नाही म्हटलं असं नव्हे; मी पाटावरून उठलेच नाही. जाऊबाई म्हणाली, "मामंजी, डोळे झालेत त्याचे. आता सुरी लावायची व्हय?"

"मुकुटाला लावायची हाय, डोळ्याला न्हाय," दीर म्हणाले आणि सुरी घेऊन स्वतःच बसले.

मी डकवलं होतं ते पक्कं डकवलं होतं. डिंकात थोडी भाताची पेज घातली होती, म्हणून कागद मातीत मुरल्यासारखा बसला होता. कागद निघेना. त्यांनी सुरीचं टोक आत घातलं, जरा जोर केला, आणि मुकुटाचं मधलं पान, समोरचं, कडकन तुटून त्यांच्या मांडीवर पडलं.

जाऊबाईने पोरांना आत नेलं.

मामंजींनी दिरांच्या हातातली सुरी काढून घेतली आणि खुंटीवर ठेवली. त्या मूर्तीवर एक धुतलेला पंचा घातला. मग उठून खाडीच्या बाजूला गेले ते दिवेलागणीला आले. भंगलेला देव पुजता येत नाही, आणि मोठ्या घरची चतुर्थी परवावर आलेली. गावात एवढी मोठी दुसरी मूर्ती एकच होती. ती म्हणजे आमच्या घरची.

दुसऱ्या दिवशी हरतालिका. आम्ही दोघी जावा निर्जळी. संध्याकाळी आमचे हे आले, धरमतरवरून चालत, डोक्यावर ट्रंक, अंगावर चिखल. अजून पाय धुतले नव्हते तोवर वाडीवाले दारात. मामंजींनी आमचा गणपती पुढे आणला. त्याच्यावर मी सगळ्यांत निगुतीने काम केलं होतं, घरचा म्हणून. लाल काचरंगाचे दोन हात, रेघ म्हणून कुठे राहिलेली नाही. आणि मामंजी म्हणाले, मी माझ्या कानांनी ऐकलं, "पहिल्या मूर्तीवरनं कागद निघंना, म्हणून ही घरची घ्या. ह्याच्यावर मुंबईचा बेगड हाय. धाकट्यानं आत्ताच आणला, बघा, ट्रंकपण अजून उघडी न्हाय."

ट्रंक उघडी नाही तर बेगड बाहेर आला कसा, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. धाकट्या मालकांनी वाकून मुकुट बघितला. बराच बघितला. आणि म्हणाले, "ह्याला म्हणतात माल. खरी वस्तू लपत नाही."

आमचे हे तिथेच उभे, चिखलाच्या पायांनी. माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. नंतर मी त्यांना म्हटलं, तुम्ही का बोलला नाहीत? तर म्हणाले, "मी आत्ता आलो. मला काय माहीत, काय चाललंय. आणि आता कशाला वाढवतेस?" म्हणजे मी वाढवत होते.

आमच्या घरी त्या वर्षी सुपारीचा गणपती बसला. पाटावर तांदूळ, तांदळावर सुपारी. मला सुपारीचं काही वाटलं नाही, सुपारीतही देव असतो. दुसऱ्या दिवशी जाऊबाई मला वाडीवाल्यांकडे दर्शनाला घेऊन गेली. अर्धं गाव तिथे. समयांच्या उजेडात तो मुकुट असा पेटला होता की माझं मलाच खरं वाटेना. बायका एकमेकींना दाखवत होत्या. आणि घरच्या थोरल्या बाई हातात कुंकवाची कोयरी घेऊन प्रत्येकीला सांगत होत्या, "मुंबईचा बेगड हो. आधी त्यांनी कसला तरी कागद लावला होता, तो आम्ही परत केला."

मला कुंकू लावताना मलाही सांगितलं. माझ्याच तोंडावर.

मी तोंड उघडलं होतं. जाऊबाईने मागून चिमटा काढला. "थांब गो जरा," ती कानाशी म्हणाली, "मोदक तरी पानात पडू दे."

मोदक मी खाल्ला नाही. तिने माझाही खाल्ला.

विसर्जन झालं, माणसं मुंबईला गेली, पितृपंधरवडा गेला, पण 'मुंबईचा बेगड' काही गेला नाही. लोक मामंजींना वाटेत थांबवून सांगत, पुढल्या वर्षी आमच्यासाठीही तसलाच. मामंजी मान हलवत. एकदा तरी म्हणतील, सुनेने केलं, अशी मी वाट बघितली. पैसाअडका नको, लुगडं नको, नुसतं तोंडाने म्हणायचं होतं. वर्ष गेलं.

श्रावणात मामंजी म्हणाले, "सूनबाय, शेजारनं कागद आण. मागल्या पडवीत बस. दार लोटून घे."

मी पदर सावरला आणि म्हटलं, "करीन. पण पुढच्या ओटीवर बसून करीन."

"ओटीवर गिऱ्हाईक येतं."

"म्हणूनच."

दीर जाऊबाईला म्हणाले, "तिला सांग, घराची अब्रू हाय ओटीवर."

जाऊबाई मला म्हणाली, "तुला सांगतात, घराची अब्रू हाय ओटीवर. बस जा, जागा आधी झाडून घे."

मी शेगडी आणि डालं घेऊन पुढे बसले. मामंजींनी मला उठवलं नाही. उठवलं असतं तर काय केलं असतं, मला माहीत नाही. पण त्यांनी बैठकच फिरवली, पाठ माझ्याकडे केली आणि आपलं रंधा मारत राहिले. चार दिवस असे गेले. येणारे-जाणारे बघत, काही बोलत नसत. मामंजींची पाठ बघून त्यांनाही कळत नसे बोलावं की नाही.

आमच्याकडे गणपती सांगायला येणारा माणूस आपल्या घरचा पाट घेऊन येतो. मूर्ती त्या पाटावरच घडवायची, म्हणजे ती त्या घरची झाली. पाचव्या दिवशी वाडीवाल्यांचे धाकटे मालक शिसवी पाट गड्याच्या डोक्यावर देऊन आले. पाट टेकला. म्हणाले, "मागच्यासारखाच. बेगड मुंबईचाच ना?"

मामंजींचा रंधा थांबला. हो म्हणेनात आणि नाही म्हणेनात. मी मोजलं नाही, पण डाल्यावरचा कागद तेवढ्यात कडेने वळायला लागला होता.

मी म्हटलं, "नाही. पाकिटातला आहे. आणि मागल्या वर्षी तुमच्या घरी बसला होता त्याच्यावरही पाकिटातलाच होता. आत पडवीत बसून मीच रंगवलेला. तुम्ही वाकून बघितला होतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मामंजींकडे बघितलं. मामंजींनी मान खाली घातली, पण बाई खोटं बोलते असं म्हणाले नाहीत. धाकट्या मालकांनी गड्याला खूण केली. पाट आला तसा गेला. त्या साली त्यांनी गणपती दुसरीकडून आणला, आणि पुढेही आणत राहिले.

दिरांनी त्या दिवशी जेवण टाकलं. जाऊबाईला म्हणाले, "तिला सांग, मोठं घर घालवलंन."

ती म्हणाली, "तुमी सुरी घातलीत तवाच गेलं ते."

मामंजी माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला वाढलं की जेवत, हात धुवून उठत. मी ओटीवर माझं काम करत राहिले. मला भीती वाटत नव्हती असं नाही. गणपती आले नसते तर घराने खायचं काय, हे मलाही कळत होतं. पण खोट्याच्या आड बसून रंगवायचं म्हटलं तर हातच चालत नव्हता, त्याला मी काय करू?

मग एक दिवस कोळीवाड्यातली एक बाई डोक्यावर टोपली घेऊन, पाट काखेत मारून आली. तिने पाट भिंतीला टेकवला, कमरेवर हात ठेवला, डाल्यावर वाळत पडलेल्या लाल-हिरव्या कागदांकडे बघितलं आणि मामंजींना विचारलं, "सुतारदादा, ह्यो बेगड कुठला म्हनायचा?"

मामंजींनी रंध्यातली साल झटकली. वर बघितलं नाही.

"तिला इचार," म्हणाले. "तीच करते."

मग मी सांगितलं. चाचीपासून दुपट्यांपर्यंत सगळं सांगितलं. ती बिचारी टोपली डोक्यावरून न उतरवता तासभर उभी होती.